हिरवळीचा हिशेब मे महिन्यात

हेदवीला आलेली माणसे दशभुज गणपतीचे दर्शन घेतात, बामणघळीत उसळणारे भरतीचे पाणी पाहतात आणि परततात. वरच्या सड्याकडे कुणी वळूनही बघत नाही. ओसाड कातळ, दुसरे काय!

उद्या इथे गोल्फचे मैदान आखायचे ठरले, तर आखणाऱ्याला हीच जागा मोकळी दिसेल. अठरा होलांना सव्वाशे-दीडशे एकर लागतात. कातळावर माती पसरायची, गवत लावायचे आणि उन्हाळ्यात त्याला रोज लाखो लिटर पाणी पाजायचे. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्यात तो टिकत नाही. सड्यावर मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींत झिरपते. त्यावरच गाव मे महिना काढते. मैदानावरची खते-औषधेही त्याच वाटेने विहिरीत येणार.

गोव्यातल्या तेरेखोलला २०१०च्या दशकात गोल्फ मैदानासह पर्यटन प्रकल्प येऊ घातला, तेव्हा जमीन कसणारी कुळे विरोधात उभी राहिली आणि वाद न्यायालयात गेला. गावाला आधी विचारलेले बरे, एवढे तरी त्यातून शिकावे.

मुंबईची गाडी धरणाऱ्या पोरांना गावात काम हवे, हे मलाही कळते. मग नऊ होलांवर भागवा, पावसाचे पाणी साठवा, हॉटेलचे सांडपाणी शुद्ध करून गवताला द्या, सड्याचे उतार मोडू नका.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी उमेद गेली. तारण भर पावसाळ्यात पाहू नये, हे तिथे शिकलो. या प्रस्तावावर सही करणाऱ्यानेही आधी मे महिन्यात गावच्या विहिरीत एकदा डोकावून यावे.