मोहाची बी एक साल भरपूर, दुसऱ्या साली का नाही?

गडचिरोली : धानोरा, कोरची, कुरखेडा पट्ट्यात मार्च-एप्रिलमधलं मोहफूल आणि जूनच्या सुमारास पडणारी मोहाची बी यावर कित्येक घरांचा खरिपाचा खर्च निघतो. मागच्या सालचा हिशेब धरून व्यापाऱ्याकडून उचल घेतली अन् झाडानं दगा दिला, तर घर अडचणीत येतं.

मोहाला चांगली बी साधारण दोन-तीन सालांतून एकदा धरते. एका साली भरपूर फळलेल्या झाडाची साठवलेली ताकद संपते, म्हणून पुढच्या साली ते कमी फुलतं. त्यात ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस, गारा आल्या की आणखी घट. शिवाय परागीभवन बरंचसं वटवाघळं करतात. ती घटली की फळही कमी.

फुलं वेचल्यानं बी कमी होते, असं काहींना वाटतं. ते खरं नाही. खाली पडतो तो फुलाचा रसाळ भाग. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. खरं नुकसान फुलं वेचण्यासाठी पालापाचोळ्याला लावलेल्या आगीनं होतं. नवी रोपं त्यात जळतात.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी दरसाल किती बी निघाली याची नोंद ठेवावी. उचल एका भरल्या सालावर नको, चार-पाच सालांची सरासरी पाहून घ्यावी.