सेन्सर नवा टाकला, तरी दिवा का जळतो? समृद्धीवर पिकअप नेण्याआधी टायरचा हिशेब

धनज बु. (ता. कारंजा) : टायरमधली हवा दाखवणारा सेन्सर खराब झाला म्हणून नवा बसवला, तरी समोरचा पिवळा दिवा जात नाही. किंवा ऑनलाइन मागवलेल्या यंत्रावर तीन चाकांचे आकडे येतात, चौथ्याचा येतच नाही. मग दिव्यावर काळी पट्टी चिकटते, यंत्राचा आवाज बंद केला जातो आणि पिकअप माल भरून रस्त्याला लागते. धनजहून कारंज्याच्या बाजार समितीत सोयाबीन, तूर टाकून संध्याकाळी परत यायचं असेल, तर हे आजवर खपून गेलं. आता तीच गाडी समृद्धी महामार्गावर चढते. तिथं हा दुर्लक्षित दिवा जिवावर बेतू शकतो आणि पुढे कोर्टातही अंगलट येऊ शकतो.

रस्ता बदलला, सवय तीच

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. यातला सुमारे ९७ किलोमीटरचा भाग वाशिम जिल्ह्यातून जातो. कारंज्यातून चढलेली गाडी आता थेट मुंबईच्या तोंडापर्यंत न थांबता जाऊ शकते.

नेमकं हे 'न थांबता' टायरला महागात पडतं. गावच्या रस्त्यावर खड्डे, वळणं, जनावरं यामुळे वेग कमी राहतो, गाडी अधूनमधून थांबते, टायर थंड होतो. समृद्धीवर तोच टायर तासन्‌तास एकाच वेगात, वजनाखाली, तापलेल्या काँक्रीटवर फिरत राहतो. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते आणि परत सरळ होते. त्यातून आतल्या आत उष्णता वाढते, रबर आणि आतले धागे सुटायला लागतात आणि शेवटी टायर फाटतो. बाहेरून पाहिलं तर दहा मिनिटांपूर्वीपर्यंत सगळं ठीक दिसत असतं.

आपल्याकडे एक समज पक्का आहे : उन्हाळ्यात हवा वाढते, म्हणून आधीच दोन-चार पॉइंट कमी टाकावी. हा सल्ला उलटा आहे. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढलं की गाडीच्या टायरमधला दाब एखादा पीएसआय वाढतो, हे खरं. पण कंपनीने ठरवलेल्या थंड टायरच्या आकड्यात ही वाढ धरलेली असते. हवा कमी ठेवली की टायर जास्त दबतो आणि जास्तच तापतो. रस्त्यात गरम टायरमधून हवा सोडणंही त्याच कारणाने चूक. टायर थंड झाला की तो कमी हवेचाच उरतो.

'टायर फुटला' म्हटलं की सुटका नाही

अपघात झाला की पहिलं वाक्य येतं, 'अचानक टायर फुटला.' १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हाही चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने मात्र ती शक्यता फेटाळली. घटनास्थळी टायर फुटल्याच्या खुणा किंवा रबराचे तुकडे मिळाले नाहीत, असं त्यात नमूद होतं.

आणि टायर खरोखर फुटला तरी? मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये २०१० सालच्या एका अपघाताच्या दाव्यात याचं उत्तर दिलं. टायर फुटणं ही 'दैवी आपत्ती' आहे, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणं टायर फुटण्यामागे असतात आणि निघण्याआधी टायर पाहणं चालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा रोख होता. मृताच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई देण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश कायम राहिला. थोडक्यात, नशिबावर ढकलायची सोय आता राहिलेली नाही. हवा कमी असल्याचा इशारा देणारा दिवा पट्टीखाली झाकलेला सापडला, तर गाडीमालकाची बाजू आणखी लंगडी होईल.

दिवा दोन गोष्टी सांगतो

ज्या गाड्यांना कंपनीकडूनच ही सोय आहे, त्यात दिव्याची भाषा साधारण अशी असते. गाडी सुरू केल्यावर दिवा सरळ जळत राहिला, तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग जळत राहिला, तर हवेचा नाही, यंत्रणेचाच बिघाड आहे. पहिल्या वेळी सेन्सर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी पंक्चर आणि वाल्व पाहायला हवा.

सेन्सर बदलल्यावरही दिवा राहतो, त्याची कारणं बहुतेक चारच असतात.

पहिलं, ओळख झालेली नसते. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि तो गाडीच्या संगणकाला शिकवावा लागतो. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींत मेनूतून शिकवावं लागतं, काहींना स्कॅनर लागतो. सेन्सर उभ्या गाडीत झोपलेला असतो. चाक फिरल्यावर, नाहीतर खास यंत्राने जागवल्यावरच तो बोलतो. त्यामुळे दुकानासमोर उभ्या गाडीत 'सेन्सर बंद आहे' असा निकाल देणं घाईचं ठरतं.

दुसरं, फ्रिक्वेन्सी जुळत नाही. भारतात आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर चालतात, अमेरिकेत बऱ्याच गाड्यांना ३१५ चे. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला सेन्सर दिसायला तसाच, चुडीही तीच, पण गाडीला त्याची भाषा कळत नाही. फ्रिक्वेन्सी जुळली तरी गाडीच्या मॉडेलसाठी तो चालतो का, हे वेगळं पाहावं लागतं.

तिसरं, बाकीचे सेन्सर म्हातारे झालेले असतात. आतली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि बहुतेक सेन्सरमध्ये ती वेगळी बदलता येत नाही. चारही एकाच दिवशी बसलेले असतात, म्हणून एक गेला की दुसरा फार मागे नसतो. नवा ठीक असतो, दिवा जुन्याचा असतो.

चौथं, बसवताना इजा होते. टायर काढताना लोखंडी पट्टी नेमकी वाल्वपाशी घातली तर सेन्सर तुटतो. पंक्चर बंद करणारं चिकट द्रव आत टाकलं असेल तर सेन्सरचं छिद्र बुजू शकतं. टायर काढायच्या आधी 'या चाकात सेन्सर आहे' एवढं पंक्चरवाल्याला सांगितलं तरी अर्धं नुकसान टळतं.

वाल्ववर बसणारी टोपी

आपल्या भागातल्या बहुतेक मालवाहू पिकअपना कंपनीची यंत्रणा नसते. त्यामुळे वाल्ववर टोपीसारखे बसणारे सेन्सर आणि काचेजवळ ठेवायचा छोटा पडदा असा संच घेतला जातो. ट्यूबच्या टायरलाही तो चालतो. पण बरेच संच कारसाठी बनवलेले असतात. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरला कारपेक्षा बरीच जास्त हवा लागते. यंत्रातली वरची मर्यादा कारची राहिली तर ते सतत ओरडतं आणि वैतागून मालक आवाज बंद करतो. विकत घेतानाच सेन्सर किती पीएसआयपर्यंत मोजतो ते पाहावं. नंतर पुढच्या आणि मागच्या चाकांची मर्यादा आपल्या गाडीप्रमाणे भरावी.

पडद्यावर २.५ दिसलं तर ते बार आहे. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. स्टेपनी लावली किंवा चाकं आलटून-पालटून बसवली तर जागाही नव्याने शिकवाव्या लागतात, नाहीतर मागचं चाक खाली होतं आणि पडदा पुढचं दाखवतो. टोपी बसवल्यावर वाल्वला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत. टोपी नीट बसली नाही तर हवा तिथूनच गळते.

कायद्यात पिकअप मागेच

अमेरिकेत २००० साली सदोष टायरमुळे झालेल्या अपघातांनंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून पिकअपसह नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात २०१४ पासून नव्या कारना आणि जुलै २०२४ पासून नव्या मालवाहू गाड्यांनाही ती लागू झाली. भारतात यंत्रणेचं मानक आहे. २०२० च्या नियमात ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच आणि ही यंत्रणा असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूटही मिळाली. मात्र शेतमाल आणि मजूर वाहणाऱ्या पिकअपला सक्ती नाही. म्हणजे ज्या गाडीवर सर्वात जास्त भार पडतो, तिची राखण मालकाच्या डोळ्यावरच आहे.

म्हणून सेन्सर असो वा नसो, सकाळी गाडी हलवण्याआधी चांगल्या गेजने हवा मोजणं याला पर्याय नाही. आकडा दाराजवळच्या स्टिकरवरचा किंवा पुस्तिकेतला धरावा. टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा ही भरायची हवा नव्हे. स्टेपनीही मोजावी. चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल तर तो टायर नियमानेच बाद आहे.

काही कामं मात्र एकट्या मालकाची नाहीत. पेट्रोल पंपावर मोफत हवा देणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ती मशीन चालू आहे का आणि तिचा आकडा बरोबर आहे का, हे ग्राहकांनी विचारायला हवं. समृद्धीवर चढणाऱ्या मार्गांवर मालवाहू गाड्यांसाठी हवा तपासायची सोय असावी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून पुढे नेता येईल. तालुक्याच्या गावात एखाद्या टायरवाल्याने सेन्सर शिकवायचं यंत्र घेतलं, तर आसपासच्या गावांचा अमरावती-अकोल्याचा फेरा वाचेल. तोवर दिव्यावर पट्टी लावण्यापेक्षा खाली उतरून चारही टायर मोजलेले बरे. त्याला पाच मिनिटं लागतात.