कपाटाची किल्ली

तारापुराहून एका वाचकभगिनींचें पत्र या महिन्यांत आलें आहे. घर एकत्र, माणसें अकरा; पुरुषमंडळींपैकीं दोघे बोईसरच्या कारखान्यांत, एक अणुवीजकेंद्रांत. पुतणी पंधरा वर्षांची. तिला वाचनाचें वेड इतकें, कीं पुडी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडाहि ती उलगडून वाचते. तिच्यासाठीं जुन्या, नांवाजलेल्या कादंबऱ्या सुचवाव्या, एवढीच बाईंची मागणी आहे. पत्र मात्र चार पानांचें आहे, आणि ही मागणी पहिल्या चार ओळींतच संपते. उरलेल्या पानांत घरांतील मतें आहेत.

आजोबांचें म्हणणें, मुलीनें ऐतिहासिक वाचावें. वडील म्हणतात, वाचावयाचेंच तर इंग्रजी वाच, पुढें उपयोगीं पडेल. आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आहे आजींच्या कमरेला. मुलीनें शाळेंत हरिभाऊ आपट्यांचें नांव ऐकलें व घरीं येऊन 'पण लक्षांत कोण घेतो' मागितली. आजी म्हणाल्या, "अजून दोन वर्षें जाऊं देत." कारण विचारलें तर उत्तर नाहीं.

कारण पत्राच्या शेवटच्या पानावर आहे. या आजी लग्न होऊन त्या घरीं आल्या तेव्हां माजघरांत त्यांच्या एक आत्तेसासूबाई होत्या. अकराव्या वर्षीं विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या, जन्मभर लाल आलवणांत वावरलेल्या. घरांतील एकाहि फोटोंत त्या नाहींत. मुलीला त्यांचें नांवसुद्धां अद्याप कोणी सांगितलेलें नाहीं.

तेव्हां आमचें उत्तर आधीं या एका पुस्तकापुरतें. तें दोन वर्षांनीं नव्हे, आतांच द्यावें.

हरिभाऊंनीं १८९० सालीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें आणि ही कादंबरी त्यांत क्रमशः दिली. त्यांचें वय तेव्हां सव्वीस. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचें संमतिवय दहाचें बारा करावें कीं नाहीं, यावर पुणें शहर दुभंगलें होतें. त्या गदारोळांत हा तरुण व्याख्यान देत बसला नाहीं. त्यानें यमूला बोलतें केलें. सारी हकीकत ती आपल्या तोंडानें सांगते, आणि सांगते तीहि स्वयंपाकघरांतल्या, माजघरांतल्या बोलींत. मराठींतली पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) हीहि विधवांच्या दुःखावरच होती आणि तिच्या नायिकेचें नांवहि यमुनाच. परंतु तेथें पानोपानीं उपदेश ऐकूं येतो. येथें एक मुलगी आपल्याशीं बोलत असते.

पुस्तक दुःखाचें आहे, म्हणून कोवळ्या वयांत नको, असें म्हणणाऱ्यांनीं तें पुन्हां उघडून पाहावें. आरंभीचा मोठा भाग दादा आणि यमूच्या लहानपणाचा आहे, खोड्यांचा आणि भांडणांचा. पंधरा वर्षांची मुलगी त्यांत सहज शिरेल. पुढें मुंबईंतले दिवस येतात. नवरा यमूला लिहावयास-वाचावयास उत्तेजन देतो, तेव्हां ती कशी फुलते, तें वाचतांना आजहि आनंद होतो. त्यानंतरचा घाला जड आहे, यांत शंका नाहीं. यमूचें केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध होतें. पण ही चाल परक्या मुलखांतली नव्हती. आपल्याच घरांतली होती. ज्या घराच्या माजघरांत ती नांदली, त्या घरच्या मुलीपासून पुस्तक दडवून काय दडणार?

दोष आहेत. हरिभाऊंना आटोपतें घेणें ठाऊक नव्हतें. साप्ताहिकाचे रकाने भरावयाचे असत, तें कोठें कोठें जाणवतें. मुलीनें कंटाळून चार पानें उलटलीं तर उलटूं द्यावीं. संक्षिप्त आवृत्ति मात्र हातीं देऊं नये. तींत कथानक राहतें, यमूचा आवाज जातो.

आतां इतर पुस्तकें. आजोबांसाठीं 'उषःकाल' आहेच, आणि तारापूरकरांना तर इतिहासासाठीं फार लांब जावयास नको. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून तेथला किल्ला घेतला. त्याच लढाईंत बाजी भिवराव पडले. आजोबांनीं नातीला तटापाशीं नेऊन हें सांगावें. कादंबरी मागाहून ती स्वतःच मागेल. वडिलांना इंग्रजीच हवें असेल तर शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' (१८४७) द्यावी. तींतहि एक पोरकी मुलगी आपली कथा आपणच सांगते. यमूच्या शेजारीं ती शोभून दिसेल. शांताबाई शेळक्यांनीं मराठींत आणलेल्या 'चौघीजणी' बहुधा तिच्या वाचून झाल्याच असतील.

वामन मल्हारांची 'इंदु काळे व सरला भोळे' (१९३४) पत्ररूप आहे. पत्रें कोणाला आवडत नाहींत? केतकरांची 'ब्राह्मणकन्या' तूर्त राहूं द्यावी. ती वाईट म्हणून नव्हे, तर समाजशास्त्राच्या ओझ्याखालीं पंधराव्या वर्षीं पुस्तक मिटलें तर तें पुन्हां उघडत नाहीं. विश्राम बेडेकरांचें 'रणांगण' (१९३९) लहान आहे, एका दिवसांत संपेल आणि पुष्कळ दिवस मनांत राहील. कादंबरी नसलेलीं दोन पुस्तकें आम्ही आगंतुकपणें सुचवितों. एक लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. दुसरें गोदावरी परुळेकरांचें 'जेव्हां माणूस जागा होतो' (१९७०). डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनीं वेठीविरुद्ध १९४५ पासून जो लढा दिला, त्याची ती हकीकत आहे. तारापुरांतून बोईसर स्टेशनाकडे जाणाऱ्या मुलीनें ती वाचली नाहीं, तर वाटेंत भेटणारीं माणसें तिला कळावयाचीं नाहींत.

राहिला प्रश्न किल्लीचा. सासूबाईंच्या डोळ्यांचें शस्त्रकर्म व्हावयाचें आहे, असें बाईंनीं जातां जातां लिहिलें आहे. तर दुपारचीं जेवणें उरकल्यावर मुलीनेंच त्यांना यमूची कथा रोज थोडी थोडी वाचून दाखवावी. सुट्टी आहे, महिनाभर सहज पुरेल. सासूबाई कोठें तरी "पुरे" म्हणतील. तेव्हां मुलीनें पुस्तक मिटावें आणि उठून न जातां तेथेंच बसावें. काकूंनींहि त्या वेळीं चहाचें आधण टाकण्याची घाई करूं नये.

त्या आत्तेसासूबाईंचें नांव काय होतें, तें मुलीला कळल्यावर आम्हांसहि कळवावें.