तलाव भरला, ढीवराची झोळी रिकामीच!

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु शेतकऱ्याला ‘एकाच पिकाच्या भरवशावर राहू नका’ असे बजावणारी सरकारी यंत्रणा मत्स्यपालकाच्या बाबतीत तीन माशांपलीकडे पाहावयास तयार नसते, त्याचे काय?

भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव पाहा. कोहळी समाजाच्या जलज्ञानाची ती जिवंत साक्ष! १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. पाटबंधारे खात्याच्या लेखी तो पाण्याचा साठा, मत्स्य खात्याच्या लेखी बीज सोडण्याची जागा. त्यावर पोट असणारा ढीवर कोणाच्याच हिशेबात नाही.

त्याची सहकारी संस्था ठेका भरते आणि रोहू, कटला, मृगळ यांचे बीज विकत घेते. हे मूळचे नदीतले मासे. साचल्या पाण्यात ते आपण होऊन वीत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजनन यशस्वी केले, हा भारतीय विज्ञानाचा गौरवच. पण म्हणून बीजखरेदी हेच मत्स्यविकासाचे सर्वस्व मानायचे काय? पावसाने दगा दिला की मासळीही जाते आणि बीजाचा पैसाही बुडतो.

याच पाण्यात मरळ, मागूर, शिंगी हे देशी मासे वाढतात. ते हवेतून श्वास घेऊ शकतात. पाणी आटत आले तरी तग धरतात आणि बाजारात भावही खातात. जोडीला शिंगाडा, कमळकंद, काठावर बदके. एक आधार तुटला तर दुसरा सावरील.

मरळ लहान बीज खाते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. मग बोटुकलीहून मोठे बीज सोडा, मरळीसाठी वेगळी बोडी राखा! आणि रोहू-कटला हद्दपार करा, असे कोण म्हणतो? प्रश्न भर घालण्याचा आहे.

त्यासाठी आधी तलावातील बेशरम उपटली पाहिजे, गाळ काढला पाहिजे, ठेक्याची मुदत पुरेशी हवी आणि शिंगाडा-कमळाचा हक्कही मासेमार संस्थेलाच मिळाला पाहिजे. उत्पादनाचे टन मोजणाऱ्यांनी ढीवराच्या घरी वर्षातले किती महिने चूल नीट पेटते, हेही एकदा मोजावे.

नवेगावबांधला पक्षी पाहावयास जाणाऱ्या सुशिक्षितांनाही एक विचारावेसे वाटते. त्याच पाण्यावर जाळे टाकणारा आपला बांधव आपल्याला कधी दिसणार?