माशाचे नाक आणि आपली मोजपट्टी

‘ओढ्यात मासे दिसतात ना? मग पाणी चांगलेच असणार!’ असे आपण सहज म्हणून जातो. मासे मरून तरंगू लागले, की मग पाणी बिघडल्याची ओरड होते. ही मोजपट्टी फार जाडीभरडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण माशाच्या नाकात सापडते.

पाण्यात वास कसा येईल, अशी शंका विद्यार्थ्यांना येते. परंतु वासाला हवाच हवी, असा काही नियम नाही. पदार्थाचे रेणू नाकातील ग्राहक पेशींपर्यंत पोचले, की वास कळतो. आपल्याकडे ते हवेतून येतात. माशाकडे पाण्यात विरघळून येतात. बहुतेक माशांना मुस्कटाच्या प्रत्येक बाजूस दोन छिद्रे असतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत शिरते आणि मागच्यातून बाहेर पडते. मधल्या पोकळीत नाजूक पडद्यांच्या घड्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या असतात. या नाकाचा घशाशी संबंध नसतो. श्वासाचे काम कल्ले करतात. नाक केवळ वासासाठी!

आता थोडे भौतिकशास्त्र पाहू. अगदी स्थिर पाण्यात एखाद्या लहान रेणूला केवळ विसरणाने १ सेंटिमीटर अंतर जाण्यास सुमारे १४ तास लागतात. विसरणात वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे शंभरपट अंतराला, १ मीटरला, दहा हजारपट वेळ लागेल. गणित करून पाहा. उत्तर सुमारे १६ वर्षे येते! तेव्हा माशापर्यंत वास येतो तो प्रवाहावर स्वार होऊनच. वाहते पाणी हेच माशाचे टपालखाते आहे.

या टपालातून येणारे निरोप जीवनमरणाचे असतात. १९३८ मध्ये कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मिनो जातीच्या लहान माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचा वास येताच कळपातील इतर मासे घाबरून पळतात. आपले रोहू व कटला याच मिनोच्या कुळातले. १९५०च्या दशकात आर्थर हॅसलर व त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ओढ्याच्या दोन फाट्यांतून सामन मासे पकडले, त्यांतील काहींच्या नाकात बोळे घातले आणि सर्वांना संगमाच्या खाली सोडले. नाक मोकळे असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्यात परतले. बोळे घातलेल्यांना वाट नीट ओळखता आली नाही.

हे बोळे आपणही नकळत घालत असतो. लिटरमागे २ ते २० मायक्रोग्रॅम इतके विरघळलेले तांबे सामनच्या पिल्लांचे नाक काही तासांतच बधिर करते, असे प्रयोगांत आढळले आहे. पिल्लू मरत नाही, पोहतही राहते. पण धोक्याचा वास त्याला कळत नाही आणि भक्षकाच्या तोंडी ते लवकर सापडते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आहे. आपल्याला जे पाणी निर्धोक, तेच माशाला आंधळे करणारे ठरू शकते!

कोणी म्हणेल, ‘तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण पितोच की!’ खरे आहे. पाण्यात सेंद्रिय द्रव्य अधिक असेल तर तांब्याचा हा परिणाम कमी होतो, हेही खरे. पण आपल्या नाकातील पेशी तांब्याच्या पाण्यात अहोरात्र बुडालेल्या नसतात, माशाच्या असतात. म्हणूनच वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून वाहनांच्या ब्रेकपॅडमधील तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्यास भाग पाडले. ब्रेक झिजतो, त्याची भुकटी पावसाबरोबर ओढ्यात जाते.

आपल्याकडे द्राक्षबागांत मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचुदात सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. १००० लिटर पाण्यात ४० मिलिग्रॅम मोरचूद विरघळले, की लिटरमागे १० मायक्रोग्रॅम तांबे झाले. मोरचूद वापरूच नये, असे मी म्हणणार नाही. पण उरलेले मिश्रण आणि पंप धुतलेले पाणी ओढ्यात सोडू नये, एवढे तरी शेतकऱ्यांच्या मुलांनी घरी जरूर सांगावे.

शिक्षकांनाही एक विनंती. नदीकाठी सहल नेलीत, की ‘मासे आहेत का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘या माशांना शत्रूची चाहूल लागत असेल का? घरची वाट ओळखता येत असेल का?’ हेही मुलांना विचारा. पाण्यात जीव तगून आहे, एवढ्यावरून पाणी निर्मळ ठरत नाही. त्या जिवाला आपले जगणे नीट जगता आले पाहिजे.