कीर्तीनगरातला पाइन

दिल्लीत बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाला पलंग किंवा पुस्तकांची मांडणी घ्यायची झाली, की शेजारीपाजारी बहुधा कीर्तीनगरच्या लाकूडबाजाराचा पत्ता देतात. तिथे सागाचा भाव ऐकून गृहिणी जरा मागे सरते आणि दुकानदार लगेच एक फिकट पिवळसर, गाठीगाठींची फळी पुढे करतो. "चीड ले लीजिए, बहनजी." या शब्दाने मराठी माणूस पहिल्यांदा दचकतो, पण ते रागाचे नव्हे, पाइनचे नाव आहे. आपल्याकडचे सुतार अशा फळीला सरसकट 'देवदार' म्हणून मोकळे होतात. खरा देवदार हिमालयातला आणि खरा चीडही हिमालयातलाच. ही फळी मात्र पुष्कळदा समुद्रापलीकडची असते. न्यूझीलंडच्या रेडिएटा पाइनचे ओंडके वर्षानुवर्षे कांडला बंदरात उतरत आले, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरले गेले आणि तिथून फळ्या देशभर पोहोचल्या.

हेच झाड भारताने आपल्या डोंगरांत लावून पाहिले होते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

रेडिएटा मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. तिथली तीन आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवरची दोन, अशी त्याची जेमतेम पाच नैसर्गिक राने आहेत. माहेरी असा मोजका. पण परदेशी नेऊन लावला की विलक्षण जोमाने वाढतो आणि पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येतो. न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलिया, पूर्व आफ्रिका, सगळीकडे त्याची लागवड झाली. तमिळनाडूतल्या निलगिरी पर्वतातही झाली. थंड हवा, धुके, भरपूर पाऊस. पाइनला आणखी काय हवे?

ते सगळे एका बुरशीलाही हवे होते. तिचे नाव डोथिस्ट्रोमा. ती खोडाला हात लावत नाही, पाइनच्या सुईसारख्या पानांवर जगते. पानावर आधी पिवळे ठिपके पडतात, मग त्यांचे विटकरी लाल पट्टे होतात. हा लाल रंग बुरशीने तयार केलेल्या विषाचा. पट्ट्यापलीकडचे टोक वाळते, बुडखा काही काळ हिरवा राहतो आणि शेवटी सुई गळते. रोग खालच्या फांद्यांपासून वर चढतो. पान हीच झाडाची चूल. निम्मी चूल विझली की वाढ खुंटते आणि वर्षामागून वर्ष असेच गेले तर झाड मरते. बीजाणू पसरतात ते पावसाच्या उडत्या थेंबांतून आणि धुक्यातून. सुया बराच वेळ ओल्या राहिल्या की लागण पक्की. त्यातून एकाच जातीची, एकाच वयाची झाडे खांद्याला खांदा लावून उभी असली, तर बुरशीला शोधाशोध करावीच लागत नाही.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांनी १९६० च्या दशकात निलगिरीतल्या लागवडीवर या रोगाची नोंद केली. पूर्व आफ्रिकेत तोपर्यंत त्याने हाहाकार उडवला होता. केनियाला रेडिएटाची लागवडच थांबवावी लागली. निलगिरीतही या झाडावरची भिस्त सोडावी लागली.

न्यूझीलंडमध्ये ही बुरशी १९६४ मध्ये ओळखली गेली. त्या देशाला झाड सोडणे परवडणारे नव्हते. तिथल्या लागवडीच्या जंगलांपैकी आज सुमारे नव्वद टक्के क्षेत्र एकट्या रेडिएटाचे आहे. मग १९६६ पासून विमानांतून तांबेयुक्त औषधाची फवारणी सुरू झाली. आपले द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण मारतात त्याच कुळातला हा उपाय, फक्त डोंगरच्या डोंगर व्यापणारा. एक निरीक्षण फार उपयोगी पडले. तिथला रेडिएटा साधारण पंधरा वर्षांचा झाला की या रोगाला बराचसा दाद देईनासा होतो. म्हणजे जपायचे ते पोरवयात. विरळणी करून, खालच्या फांद्या छाटून रानात वारा खेळता ठेवला आणि रोगाला तोंड देणारी वाणे निवडून वाढवली. हे काम संपलेले नाही. तिथल्या बुरशीचा एकच 'मेटिंग टाइप', म्हणजे जोडीतला एकच पक्ष आढळला आहे. दुसरा बाहेरून आला तर दोघांच्या संकरातून नवी रूपे निपजतील, ही तिथल्या शास्त्रज्ञांची धास्ती.

परक्या भूमीत लावलेल्या झाडालाच हे दुखणे होते अशी समजूत बरीच वर्षे होती. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मात्र तिथल्या देशी लॉजपोल पाइनची मोठी, जाणती झाडेही या रोगाने मेली. २००५ मध्ये अभ्यासकांनी त्याचा संबंध उन्हाळ्यातल्या वाढलेल्या पावसाशी जोडला. हिमालयातही ही बुरशी नेपाळमधल्या पाइनवर सापडली आहे. तिचे मूळ घर हिमालयच असावे, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

कीर्तीनगरात फळी निवडणाऱ्यांना याची धास्ती नको. डोथिस्ट्रोमा जिवंत सुयांवर जगते, पलंगातून घरात येत नाही. पाइनवर कधी निळसर-करडे पट्टे दिसतात, ते दुसऱ्या बुरशीचे. ती लाकडातली साखर खाते, लाकडाचा सांगाडा पोखरत नाही. डाग राहतो, ताकद फारशी कमी होत नाही. दुकानदार भाव उतरवत असेल तर खुशाल उतरवू द्यावा. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे दिल्लीच्या श्रावणात जी पांढरी लव धरते, ती मात्र दमटपणाची खूण. कपाट चार बोटे पुढे ओढावे.

फळीच्या कापलेल्या टोकाशी वाढीची वलये दिसतात, दर वर्षाचे एक. मध्येच दोन-तीन वलये अगदी जवळजवळ असली, तर त्या वर्षांत झाडाची उपासमार झाली होती. ती दुष्काळाने, दाटीने की सुया गळाल्याने, हे फळीवरून सांगता येत नाही.