अंगावरच्या दुधाची कैफियत

नंदुरबार जिल्ह्यातील कुपोषणाची चर्चा दरसाल पावसाळ्यात होते; परंतु ज्या घरी मातेलाच एचआयव्हीची बाधा आहे, त्या घरच्या तान्ह्या मुलाचा विचार तीत क्वचितच होतो, आणि झालाच तर सुशिक्षितांकडून एकच फर्मान सुटते की, अशा मातेने अंगावर पाजू नये, डब्याचे दूध द्यावे. हे मत अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. दुधावाटे विषाणू संक्रमित होतो हे निर्विवाद आहे, आणि युरोप-अमेरिकेत दीर्घकाळ हाच सल्ला दिला जात असे. परंतु तेथील नळाचे पाणी, इंधन आणि पैसा गृहीत धरून ठरलेला नियम धडगाव-मोलगीच्या डोंगरातील पाड्यांवर सरसकट लादणे याला शास्त्रनिष्ठा कोण म्हणेल? बोट्स्वाना सरकार अशा मातांना पावडरचे दूध मोफत देत असे. तेथे २००६ साली अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली, तेव्हा तिच्या तडाख्यात सापडली ती मुख्यतः अंगावर न पिणारी बालके.

शिवाय डबा घरात शिरताच जे शेजारी कळू नये ते कळते, आणि २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेली गोपनीयतेची हमी कागदोपत्रीच राहते. मग सासूच्या समाधानासाठी काही वेळा अंगावर, काही वेळा बाटलीने, असा मधला मार्ग निघतो. केवळ अंगावर पिणाऱ्या मुलांपेक्षा अशा मुलांना संसर्ग अधिक होतो, हे डर्बनच्या संशोधकांनी १९९९ सालीच दाखवले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले ते असे की, औषधोपचार नियमित चालू असलेल्या मातेने निदान बारा महिने, आणि इच्छा असल्यास दोन वर्षे वा अधिक काळ पाजावे; पहिले सहा महिने केवळ आपलेच दूध (घुटीसुद्धा नको!), नंतर जोडीला वरचे अन्न. उपचाराने विषाणू दबला की संक्रमणाचा धोका अत्यल्प उरतो. म्हणजे सारी भिस्त गोळीच्या सातत्यावर आहे.

आणि खरी अडचण तेथेच आहे. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंब गुजरातेत उतरते, तेव्हा २०१५पासून स्तनदा मातेला मिळणारे अमृत आहार योजनेचे चौरस जेवण आणि मुलाची अंडी मागे गावच्या अंगणवाडीतच राहतात. वास्तविक बाधित मुलाला, लक्षणे नसतानाही, इतरांहून सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा लागते. म्हणून निघण्यापूर्वी पूर्ण हंगामाच्या गोळ्या मातेच्या हाती पडाव्यात, मुलाची सहाव्या आठवड्याची रक्ततपासणी जेथे मुक्काम असेल तेथे व्हावी, आणि तिकडच्या अंगणवाडीने रहिवासाचा दाखला न मागता त्याला वाढावे, एवढी तजवीज दोन्ही राज्यांच्या दप्तरांनी आपसात करावी.